अल्मोड्याची जोशी

जयपूर हायवेवर धुकं इतकं दाट होतं, की पुढच्या गाडीचे नुसते लाल दिवे दिसत होते. आणि अचानक माझ्या डॅशबोर्डवरच्या वॉकी-टॉकीतून मराठी ऐकू आली.

"आज बोलायचंच, मल्हारी. सोमवारी चेन्नई. नोकरी पक्की, सामान गेलं. आज नाही बोललास तर बस आयुष्यभर बोंबलत."

मी दचकलेच. आमच्या कार क्लबात मराठी?

आमचा क्लब म्हणजे नोएडा-गुडगावची हौशी मंडळी. थंडीत सगळ्यांनी मिळून राजस्थानातल्या रेस-ट्रॅकवर जायचं, गाड्या मनसोक्त पळवायच्या नि परत यायचं. ट्रॅकचं बुकिंग, हेल्मेटं, नाश्ता… सगळी उस्तवार माझ्या गळ्यात. आणि ताफ्यातली शेवटची गाडीही माझीच, कुणी मागे राहू नये म्हणून. त्या गाडीत मी एकटी असायचे. तशी कुठे नव्हते? बाबा रिटायर झाले, दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सुटलं, आई-बाबा नाशिकला गेले आणि मी नोएडाच्या फ्लॅटमध्ये उरले. कितीतरी रविवारी कुणाशी अक्षरही न बोलता संध्याकाळ व्हायची. फार वाईट असतं ते.

आवाज मात्र ओळखीचा होता. पवार! स्वतःलाच 'मल्हारी' म्हणत बोलत होता. निळ्या गाडीवाला, कॅन्टोन्मेंटमध्ये वाढलेला. वडील फौजेत, हिंदी अशी ठसकेबाज, की आम्ही सगळे त्याला मेरठकडचाच समजायचो. ट्रिपच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन हेल्मेटं उचलू लागायचा आणि हळूच विचारायचा, "मॅडम, आपने कुछ खाया?" मला असं विचारणारा अख्ख्या दिल्लीत तो एकटा. त्या एका प्रश्नासाठी मी ट्रिपची वाट बघायचे… आणि हा सोमवारी चालला होता.

त्याच्या वॉकी-टॉकीचं बटण दाबलं गेलं होतं, हे उघडच होतं. अशा वेळी त्याचं सगळं आपल्याला ऐकू येतं, पण आपलं त्याला काही जात नाही. शहाण्या माणसानं गाडी पुढे काढून त्याला थांबवायला हवं होतं. मी नाही काढली. मला ऐकायचं होतं… कुणाशी बोलायचंय याला?

"आई विचारणार, पोरगी कुठली? काय सांगू? अल्मोड्याची जोशी. आपली भाषा येत नाही तिला. पण आई, ती नुसती हसली ना, तरी…"

क्लबात जोशी एकच, मी. नाव अलकनंदा, आडनाव जोशी. अलकनंदा ही उत्तराखंडातली नदी, तिकडे अल्मोड्यात जोशीही पुष्कळ, म्हणून दिल्लीत सगळे मला पहाडीच धरून चालतात. मीही कंटाळून खुलासा करणं सोडलं होतं. आता 'अल्मोडा' आणि 'जोशी' हे दोन शब्द ताफ्यातल्या प्रत्येकाला कळले असणार!

धुकं जरा विरळ होताच मी ओव्हरटेक न करण्याचा माझाच नियम मोडला. निळ्या गाडीला गाठलं, हॉर्न दिला, काच खाली केली.

"पवार, बटण सोडा. सगळे ऐकताहेत."

"तुम्ही… मराठी?"

हेही सगळ्यांनी ऐकलं. मग कुठे त्यानं मांडीखालचा वॉकी-टॉकी काढला. लगेच सगळ्यात पुढच्या गाडीतले अहलुवालियाजी बोलले, "बेटा, समझ में कुछ नहीं आया, बस जोशी समझ आ गया. अगले ढाबे पे चाय."

ढाब्यावर तो माझ्यासमोर उभा राहिला, कान लालबुंद.

"किती ऐकलंत?"

"नुसती हसली तरी… इथपर्यंत. पुढे काय होतं?"

"पुढचं मलाही येत नव्हतं. म्हणून तर तालीम करत होतो." त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "मला वाटायचं, तुम्ही पहाडी, घरी कसं जमणार… दोन वर्षं यातच घालवली मी."

"मीही. मला तुम्ही आवडता, पवार. कधीपासून."

बोलले आणि रडूच आलं. इतके दिवस इतक्या जवळ, आणि कळलं कधी, तर तो निघाल्यावर.

"चेन्नईला नाही म्हणून टाकू का?" त्यानं हळूच विचारलं.

"वेडे आहात का? जा. फक्त आजचा दिवस मला द्या."

सगळे गाड्यांत बसायला लागले. मी माझ्या गाडीची किल्ली अहलुवालिया आंटींच्या हातात ठेवली. "आंटी, आज पीछे आप रहिए."

आंटींनी एकदा माझ्याकडे, एकदा निळ्या गाडीकडे पाहिलं. "चलो, किसी को तो अक्ल आई."

मी त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. त्यानं गाडी सुरू केली, पण गिअर टाकेना. रस्त्याकडे बघत म्हणाला, "काही खाल्लंस का?"

मी मान हलवली. सकाळपासून सगळ्यांचे नाश्ते वाटत होते, माझं राहूनच गेलं होतं.