अकरा महिने सुट्टीवर गेलेली पाठ

अकरा महिने ज्या बाईच्या पाठीवर कसलाच भार पडला नव्हता, तिला शाळेच्या मैदानाची एक फेरी मारायला काठी का लागावी? सहावीतल्या त्रिशला मगदूमला हे कोडं काही केल्या सुटेना.

ती बाई म्हणजे डॉ. कौमुदी ऐनापुरे. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या प्रयोगशाळेत अकरा महिने काढून त्या नुकत्याच परतल्या होत्या आणि सांगलीजवळच्या आपल्या गावी, त्रिशलाच्या घरासमोर, भावाकडे येऊन राहिल्या होत्या. त्रिशलाचे बाबा शांतिनाथ आणि त्या एकाच वर्गात शिकले होते, म्हणून त्रिशला त्यांना आत्या म्हणे. वर प्रयोगशाळेत सूक्ष्मगुरुत्व असतं (म्हणजे वजन जवळजवळ जाणवतच नाही, माणूस तरंगतो), हे तिने विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं होतं. मग अकरा महिने आराम मिळालेली पाठ ताजीतवानी व्हायला हवी होती. पण आत्या तर रांगतं मूल उभं राहायला शिकतं तशा जपून पाऊल टाकत होत्या.

कोड्याचा दुसरा अर्धा भाग त्रिशलाच्या घरातच पलंगावर पडून होता. तिचे बाबा ऊसतोडणीची यंत्रं चालवत, तीही शेतात न उतरता. साखर कारखान्याच्या नियंत्रण कक्षात खुर्चीवर बसून, समोरच्या पडद्यांवर नजर ठेवून ते चार शिवारांतली चार यंत्रं हाकत. हंगामात दहा-दहा तास उठणं नाही. जेवण खुर्चीतच, बहुतेक वेळा वडापाव आणि दोन-तीन कप गोड चहा. पाणी मुद्दाम कमी प्यायचं, कारण मग उठावं लागतं. अशी सहा वर्षं गेली, पोट पुढे आलं, आणि ऑगस्टमध्ये एका सकाळी गव्हाचं पोतं उचलायला ते कमरेतून वाकले ते तिथेच अडकले.

सांगलीच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. हाड शाबूत होतं, नसही दबली नव्हती. चार दिवस गोळ्या घ्या आणि हळूहळू चालायला लागा, असं त्यांनी सांगितलं. पायात बधिरपणा आला, पायातली ताकद गेली किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर मात्र एक मिनिटही न थांबता या, असंही बजावलं. पण भेटायला येणारा प्रत्येक जण दारातूनच म्हणायचा, शांतिनाथ, अजिबात हलू नकोस. बाबांना तेच पटलं, कारण हललं की कळ यायची. चार दिवसांचे पंचवीस दिवस झाले. आता तर कुशीवर वळतानाही त्यांचा चेहरा पिळवटून निघे.

त्यातच कारखान्याची सूचना आली. हंगामाआधी प्रत्येक चालकाची चाचणी होणार होती. जमिनीवरची पंधरा किलोंची पेटी टेबलावर ठेवायची आणि दोन तासांचं काम करून दाखवायचं. आठ आठवडे उरले होते. जमलं नाही, तर ती खुर्ची दुसऱ्याला मिळणार होती. आईने सूचना वाचून दाखवली तेव्हा बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्रिशला थेट मैदानावर गेली आणि तिने आत्यांना आपलं कोडं विचारलं. आत्या पारावर टेकल्या. वर असताना आपण रोज दोन तास व्यायाम करत होतो, तरी पाठ अशी झाली, असं त्यांनी सांगितलं. मग त्या त्रिशलाबरोबर तिच्या घरी आल्या, स्वयंपाकघरातून भांडी घासायचा नवा स्पंज मागून घेतला आणि तो हळदीच्या पाण्यात बुडवला.

पाठीच्या कण्यात एकावर एक रचलेले मणके असतात, त्यांनी समजावलं, आणि दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती (मऊ, पाणीदार गादी) असते. शरीराच्या बहुतेक भागांना रक्तवाहिन्या घरपोच अन्न देतात. मोठ्या माणसाच्या चकतीच्या आतपर्यंत मात्र रक्तवाहिनी पोचतच नाही. मग ती जगते कशी? आत्यांनी स्पंज दाबला. पिवळं पाणी बाहेर आलं. सोडला, पाणी आत गेलं. चालताना, वाकताना, उठताना चकती अशीच थोडी दाबली जाते आणि सुटते. दाबली की वापरलेलं पाणी बाहेर, सुटली की पोषण घेऊन ताजं पाणी आत.

"नुसता बुडवून ठेवला तर?" त्रिशलाने विचारलं.

"तर तो फुगून बसेल, आणि आतलं शिळं पाणी आतच राहील. वर माझं तेच झालं. चकत्या फुगल्या, मी चार सेंटिमीटर उंच झाले आणि पाठ ठणकायला लागली."

आणि काम नसल्यामुळे कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू रोडावले, असं त्या पुढे म्हणाल्या. मांडवाचा खांब चारी बाजूंच्या दोरांनी उभा असतो. दोर सैल पडले की सगळा ताण खांबावर येतो.

त्रिशलाने स्पंज हातात घेऊन पुन्हा एकदा दाबून पाहिला. आत्या वर जाऊन तरंगत होत्या, बाबा आधी खुर्चीत आणि आता पलंगावर होते. पाठीच्या दृष्टीने फरक फारसा नव्हता.

संध्याकाळी आत्या काठी टेकत बाबांच्या पलंगापाशी आल्या. स्पंजचा प्रयोग त्रिशलाने करून दाखवला. बाबांनी तो लक्ष देऊन पाहिला, पण त्यांची भीती स्पंजपेक्षा मोठी होती. हललं की आत काहीतरी तुटतंय असं वाटतं, असं त्यांनी शेवटी कबूल केलं.

"शांतिनाथ, दुखतंय म्हणजे तुटतंय असं नव्हे," आत्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी तपासलंय. खाली आले त्या दिवशी मीही उभी राहताना पडले होते. तेव्हापासून रोज उठतेय. उद्या सकाळी सातला मैदानावर ये. एकटीला कंटाळा येतो."

बाबा दुसऱ्या दिवशी गेले. पण आईचा हात धरून, अंगणाच्या फाटकापर्यंतच जाऊन परत. चार मिनिटं. तिसऱ्या दिवशी सहा मिनिटं. त्रिशलाने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजची मिनिटं लिहायला सुरुवात केली. दोन आठवड्यांनी ती वीस झाली, तेव्हा आत्यांनी व्यायाम सांगितले. उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर सावकाश वर उचलायची. हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. हळू करायचं, श्वास रोखायचा नाही आणि तीव्र कळ आली तर तिथेच थांबायचं. मांडवाचे दोर असे रोज थोडे थोडे आवळायचे होते.

आईने स्वयंपाकघराची बाजू सांभाळली. स्नायू बांधायला प्रथिनं (शरीराची झीज भरून काढणारा अन्नघटक) लागतात, म्हणून मोड आलेली मटकी, डाळ, दही आणि मूठभर शेंगदाणे ताटात आले. हाडांसाठी नाचणीची भाकरी आणि तीळ आले. चहा दोन कपांवर, तोही अर्ध्या साखरेचा. वडापाव महिन्यातून एकदा, आणि त्या दिवशी तो सगळ्यांनी मिळून खायचा. पोटाचं ओझं कमी झालं की कमरेवरची ओढही कमी होते, हे बाबांना दीड महिन्यात पट्ट्याच्या भोकावरून कळलं.

पाचव्या आठवड्यात मात्र घात झाला. जोर आल्यासारखं वाटलं म्हणून बाबांनी एकाच दिवशी दोनदा मैदान गाठलं, वर पाण्याची घागर एका हाताने उचलली. संध्याकाळी कमरेत उसण परत भरली. बाबा पलंगावर आडवे झाले आणि म्हणाले, संपलं, माझ्याच्याने होणार नाही.

 त्रिशलाने दिनदर्शिका भिंतीवरून काढून त्यांच्या छातीवर ठेवली.

"बाबा, पहिल्या दिवशी चार होती. उद्या पुन्हा चारच करू. शून्य मी लिहिणार नाही."

बाबांनी ती पानं उलटून पाहिली. सकाळी सातला ते कण्हत उठले आणि फाटकापर्यंत जाऊन आले. चार मिनिटं. या वेळी वीसवर यायला पाचच दिवस लागले.

चाचणीच्या दिवशी कारखान्यात घरच्यांना काचेबाहेर उभं राहायची परवानगी होती. आत्याही आल्या होत्या, काठीशिवाय. बाबा पेटीजवळ गेले, पाय फाकवले, पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत आणि खुब्यांत वाकले, पेटी छातीशी धरली आणि मांड्यांच्या जोरावर उठले. वळताना कंबर न पिळता त्यांनी पावलं वळवली. पेटी टेबलावर टेकली. त्रिशलाने आत्यांचा हात किती घट्ट धरला होता, ते तिला नंतर कळलं.

दोन तासांच्या कामात बाबा दर अर्ध्या तासाने यंत्रं थांबवून उठले, दोन मिनिटं चालले, पाणी प्यायले आणि परत बसले. व्यवस्थापकांनी कपाळाला आठ्या घातल्या. यामुळे काम मागे पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

"साहेब, दोन मिनिटांत ऊस वाळत नाही," बाबा म्हणाले. "पण हंगामात माझा पंचवीस दिवसांचा खाडा तुम्हाला परवडेल का? इथे बाराजण बसतात. त्यातल्या सातजणांची कंबर दुखते. आजच विचारलंय मी."

व्यवस्थापकांनी खुर्च्यांच्या रांगेवरून नजर फिरवली. मग सगळ्यांनीच दर अर्ध्या तासाने उठायचं, एक महिना करून पाहू, असं ते म्हणाले. बाबांचं नाव हंगामाच्या यादीत लागलं.

आत्या पुढच्याच आठवड्यात नव्या मोहिमेच्या कामावर निघाल्या. मंगळावर जायला सहा-सात महिने लागतील, आणि पोचल्यावर माणसांना स्वतःच्या पायांवर उतरायचंय. त्यांच्या पाठीची तयारी आता आत्यांच्या हाती होती. शाळेतून एखादी चुणचुणीत सहकारी लागली तर कळवीन, असं त्या त्रिशलाला म्हणाल्या, आणि त्या थट्टा करत नव्हत्या.

नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला. त्रिशला सायकलवरून शाळेला जात होती. दोन्ही बाजूंच्या उसात यंत्रं घरघरत होती. साडेदहा वाजले आणि या शिवारातलं, ओढ्यापलीकडचं, पार टेकडीखालचं, सगळी यंत्रं एकदम थांबली. वाटेवरचा एक म्हातारा शेतकरी वीज गेली की काय म्हणून पुटपुटला.

"नाही आजोबा," त्रिशला सायकलवरून उतरून म्हणाली. "सगळे उभे राहिलेत."