चरबीचा निरोप

सांगलीजवळच्या त्या तालमीत माणसाची तब्येत जोखायची एकच रीत होती. वस्ताद पाठीवर थाप मारत आणि निकाल देऊन मोकळे होत. रावीचे बाबा, श्रीपतराव, काटक आणि सडपातळ. डोंगर चढायच्या शर्यतीत दर वर्षी पहिले. त्यांना वस्ताद नेहमी म्हणत, एकदम खणखणीत.

म्हणून आरोग्यकेंद्रातून आलेल्या ‘निदान’ नावाच्या यंत्रमानवाने रक्ताचे थेंब तपासून गुबगुबीत वस्तादांना हिरवा दिवा दाखवला आणि बाबांना लाल, तेव्हा अख्खी तालीम खो खो हसली. रक्ताच्या पट्ट्या रावीनेच नेऊन दिल्या होत्या. पोरीने अदलाबदल केली, असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. रावीला रडू फुटायचंच बाकी होतं. शर्यत रविवारी होती आणि बाबा धावणारच होते.

तिने पुन्हा तपासायला लावलं, बाबांचं बोट स्वतः धरून. दिवा लालच लागला.

“पण बाबांच्या अंगावर चरबी आहेच कुठे?” तिने विचारलं.

निदानने भिंतीवर चित्र उमटवलं. तुपाच्या थेंबासारखी टपोरी, सोनेरी अशी ती चरबीची पेशी होती. तिच्यातून बारीक कण सुटत होते आणि रक्ताबरोबर थेट हृदयापर्यंत वाहत जात होते. चरबी म्हणजे नुसतं कोठार नव्हे, निदान सांगू लागला. ती संप्रेरकं (रक्तातून दूरच्या अवयवांना निरोप पोचवणारी रसायनं) बनवते. लेप्टिन मेंदूला कळवतं की साठा पुरेसा आहे. ॲडिपोनेक्टिन रक्तवाहिन्यांना जपतं. कातडीखालची चरबी बहुधा निमूट असते. वस्तादांची तशी होती. बाबांची थोडीच, पण पोटात, यकृताभोवती दडलेली. ती बिघडली की ॲडिपोनेक्टिन घटतं आणि लेप्टिन वाढतं. अशा घटकांना जैवसूचक (आजाराची चाहूल देणारी खूण) म्हणतात. खूण म्हणजे आजार नव्हे, हेही त्याने बजावलं, पण हृदय तपासून घ्यायला हवं.

रावी आ वासून बघत राहिली. ज्या चरबीला सगळे हसतात, ती अंगात रात्रंदिवस बोलत असते!

बाबा मात्र हसून डोंगरावर सरावाला जायला बूट बांधायला लागले. तेव्हा वस्ताद उठले.

“श्रीपत, माझ्या हाताला आतलं काय कळतंय? पोरीचं ऐक. आधी दवाखाना, मग डोंगर.”

शनिवारी दवाखान्यात हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली सापडली. डॉक्टरांनी ती वेळेत मोकळी केली. चढावर तिने दगा दिला असता, असं त्यांनी सांगितलं.

रविवारी डोंगरावर शर्यत सुटली, तेव्हा रावी दवाखान्यात बाबांच्या छातीला कान लावून बसली होती. ठोका नीट ऐकू येत होता. त्याच्याभोवती आणखी किती निरोप वाहत असतील, जे अजून कुणालाच वाचता येत नाहीत? मोठं होऊन ते वाचायला शिकायचं, असं तिने ठरवलं, पण कान मात्र लगेच काढला नाही.