सातवी टाकी

चार नंबरच्या टाकीला धाप लागली, तेव्हा सुलभा तोडकर तिथून चाळीस किलोमीटर दूर, विमलवन्संच्या बैठकीच्या खोलीत पोह्यांची बशी हातात घेऊन बसली होती. श्वास अपुरा पडायला लागला. तिने बशी खाली ठेवली, कमरेचा पट्टा चाचपला आणि फोन लावला.

"उपासे, चारमधला प्राणवायू उतरतोय. हवेची झडप बघा."

"पडद्यावर तर सगळं ठीक दिसतंय, मॅडम."

"पडद्यावर वीस मिनिटांनी दिसेल. तुम्ही आत्ता बघा."

झडपेत गाळ अडकला होता. कारखान्यात पाळीवर असलेल्या सिद्धराम उपासेने तो काढला आणि इकडे सुलभाची छाती मोकळी झाली. वन्सं काळजीने म्हणाल्या, "बरं नाही का गं तुला?"

"तिला काही नाही झालेलं," सुलभाचा नवरा दिगंबर म्हणाला. "कारखान्याला झालंय." हे बोलताना तो हसला नाही.

कारखाना मिरजेच्या पलीकडच्या माळावर होता. रक्तातला पिवळसर पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, तिथे माणसाच्या शरीराबाहेर तयार व्हायचा. सहा उंच टाक्यांत जिवंत पेशी वाढवायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचं, आणि एकोणीस दिवसांनी त्यांनी तयार केलेला द्रव पिशव्यांत भरायचा. अडचण एवढीच की टाक्या सहा आणि पिशव्या भरायची यंत्ररांग एकच. टाकी तयार झाली की सहा तासांत उपसावी लागे. उशीर झाला तर सगळा द्रव गटारात. म्हणून कोणती टाकी कधी सुरू करायची, कोणती रेंगाळत ठेवायची, कोणती घाईला आणायची, याचं वेळापत्रक हाच तिथला खरा धंदा. सुलभा अठरा वर्षं ते करत होती. कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात वीज जायची, पोषक द्रवाचा टँकर घाटात अडकायचा, एखादी टाकी आपल्या मनानेच दोन दिवस आधी पिकायची. पडद्यावर चारशे आकडे हलत असायचे आणि माणसाचं लक्ष एका वेळी पाच-सातांवरच ठरतं. एका श्रावणात दोन टाक्या एकाच दुपारी तयार झाल्या. एक ओतून द्यावी लागली. त्या आठवड्यात अकरा जिल्ह्यांतल्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या आणि काही रुग्णांना थांबणं जमलं नाही.

त्यानंतर सुलभाला बारा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पुण्याला पाठवलं. शिकवणाऱ्या होत्या डॉ. नफीसा मुजावर, मज्जासंस्थेच्या अभ्यासक. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सुलभाताई, तहान लागली हे तुम्हाला कोणत्या तक्त्यावरून कळतं?"

"तक्ता कशाला हवा? कळतं की."

"तेच. हृदय, फुफ्फुसं, आतडी, मूत्राशय यांची खबर तुमचा मेंदू रात्रंदिवस घेत असतो. त्याला आम्ही अंतर्भान म्हणतो, आतून असलेली जाण. जगातला सगळ्यात जुना प्रक्रिया-नियंत्रक तो. आकडे वाचत नाही, थकत नाही. तुमच्या टाक्यांची खबर आपण त्याच्याच हवाली करणार आहोत."

त्यासाठी कमरेला बांधायच्या पट्ट्यात अडीचशे सूक्ष्म टोकं होती. कारखान्याच्या आकड्यांतले बारीकसे चढउतारही ती पोटाच्या मज्जातंतूंना हलक्या स्पंदनांत सांगायची. जुन्या वर्षांच्या नोंदी दिवसच्या दिवस पट्ट्यावर चालवायच्या आणि शिकणाऱ्यांनी डोळे मिटून ओळखायचं. पहिले तीन आठवडे सुलभाला नुसतं मळमळलं. सहाव्यात तिला टाक्या वेगवेगळ्या जाणवू लागल्या. नवव्या आठवड्यात दोन टाक्यांच्या तारखा एकमेकींवर चढायला लागल्या की तिच्या पोटऱ्यांत वळवळ सुरू व्हायची, आणि वेळापत्रक सुधारलं की थांबायची. शेवटच्या परीक्षेत तिने पडद्याकडे न बघता चाळीस दिवसांचं नियोजन लावलं. एकही चूक निघाली नाही.

निरोप घेताना तिने विचारलं होतं, "हे सगळं डोक्यात बसतं कुठे? माझ्याच कशाची जागा तर घेत नाही ना?"

"मेंदूत जागा पुष्कळ असते," डॉक्टर म्हणाल्या होत्या.

दोन वर्षांत एकही टाकी वाया गेली नाही. पण सुलभाला एका जागी बसवेना. टँकरला अर्धा तास उशीर झाला तरी ती घरात येरझाऱ्या घालायची. टाक्या धुवायच्या दिवशी तिच्या अंगात कापरं भरायचं. सिनेमाला गेली तर मध्यंतराआधी उठायची. कुणाशी बोलताना तिचे डोळे त्या माणसावर असायचे आणि कान पोटाकडे. दिगंबर सुरुवातीला चिडायचा. मग त्याने चिडणं सोडलं.

एका मंगळवारी सकाळी तिला पोटात उजवीकडे, खालच्या बाजूला कळ आली. ती जागा दोन नंबरच्या टाकीच्या तळच्या झडपेची. तिने उपासेला ती तपासायला लावली. झडप चांगली होती. कळ वाढली तशी तिने टाकीचा वेग कमी करवला, नळ्या बदलून घेतल्या, बुधवारी टाकीचा तळ उघडून बघायला लावला.

"मॅडम, आत काहीच नाही," उपासे म्हणाला.

"आहे. मला इतकं दुखतंय आणि तुम्ही नाही म्हणता?"

गुरुवारी दुपारी ती नियोजन कक्षात कोसळली. अपेंडिक्स फुटलं होतं.

शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनी नंतर विचारलं, "दोन दिवस अंगावर कसं काढलंत? दुखलं नाही?"

"दुखलं ना. मी टाकी उघडायला लावली."

रुग्णालयात पट्टा काढून ठेवला होता. नर्स विचारायची, कुठे दुखतंय, लघवीला जायचंय का. सुलभाला सांगता यायचं नाही. ती मान हलवायची, मग अंथरूण ओलं व्हायचं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पाय मात्र चादरीखाली सारखे हलत असायचे.

पाचव्या दिवशी डॉ. मुजावर आल्या. खुर्ची ओढून बसल्या, बराच वेळ हातातल्या कागदांची टोकं जुळवत राहिल्या.

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. मेंदू नवी खोली बांधत नाही. जुनीतलं सामान बाहेर काढतो. बारा आठवड्यांत ते दिसलं नाही, आणि पुढे मी शोधलं नाही."

"परत येईल?" दिगंबरने विचारलं.

"पट्टा कायमचा सोडला तर वर्षा-दोन वर्षांत अर्धंअधिक येईल. कारखान्याची जाण मात्र जाईल, आणि ती पुन्हा शिकवता येणार नाही. दुसरा एक मार्ग आहे. शरीरात मापकं बसवायची आणि त्यांची खबर प्रशिक्षण झालेल्या दुसऱ्या कुणाच्या पट्ट्यावर पाठवायची. तो तुमचं शरीर टाकीसारखं सांभाळेल."

"सोड तो पट्टा, सुलभा," दिगंबर म्हणाला. "टाक्या बघायला दुसरं कोणी येईल."

"येईल. आकडे बघेल. पुन्हा एखाद्या दुपारी दोन टाक्या एकदम पिकतील." मग जरा थांबून ती खरं बोलली. "आणि तेवढंच नाही. दोन वर्षं काय, आठ लागली असती तरी मी थांबले असते रे, पण इथे पडल्यापासून मला काहीच जाणवत नाही. मी जिवंत आहे हे मला नर्सच्या तोंडून कळतंय."

दिगंबर उठून बाहेर गेला. संध्याकाळी परत येऊन त्यानेच मापकं बसवायच्या संमतीच्या कागदावर साक्षीदाराची सही केली.

नियोजनाच्या पडद्यावर आता सात ओळी असतात. सातवीत सुलभाचं पाणी, जेवण, झोप, औषधं. तिची कामाची पाळी संपली की सहा टाक्या उपासेकडे जातात. सातवी चोवीस तास त्याच्याचकडे असते. त्यानेही प्रशिक्षण पूर्ण केलं, पहिल्या क्रमांकाने.

परवाच्या रविवारी दिगंबरने भाकऱ्या आणि वांग्याची भाजी केली. दीड वाजला तरी सुलभा खिडकीपाशी फेऱ्या मारत होती.

"बसायचं का?" त्याने विचारलं.

"थांब जरा. फोन यायचाय."

दोनला फोन वाजला. "मॅडम, जेवून घ्या," उपासे म्हणाला. "मला फार भूक लागलीय."

ती फोन ताटाशेजारी ठेवून जेवली. एक भाकरी संपल्यावर विचारलं, "अजून?"

"अजून अर्धी." थोड्या वेळाने तोच म्हणाला, "बास. आता बरं वाटतंय."

दिगंबर तिच्याकडे बघत होता. सुलभाने हात धुतला आणि फोन पुन्हा कानाला लावला. "तुमचं जेवण झालं का, उपासे?"

"माझं आपल्या कऱ्हाडच्या दुसऱ्या प्लँटमधल्या एक बाई बघतात," तो म्हणाला. "काल सकाळपासून त्यांचा फोन नाही."

"काल सकाळपासून? मग तुम्ही..."

"वाट बघतोय, मॅडम."