वाळवणखोलीतली ओल

“हिच्यातही शून्य,” गोगल म्हणाली आणि भिंगावरून डोळा न काढता तिने चौथी बशी पुढे ओढली. थोड्या वेळाने म्हणाली, “आणि हिच्यातही.”

टिकलीने हातातली लेबलं खाली ठेवली. चार बशा, शंभर बिया, बारा दिवस, आणि एकाही बीला मोड नाही. वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिच्या पोटात बारीकशा गुदगुल्या झाल्या.

ही जागा म्हणजे टिकलीच्या मावशीचं बीजघर. रानातल्या झाडांचं बी इथे आणायचं, वाळवणखोलीत आठवडेच्या आठवडे वाळवायचं, हवाबंद बरण्यांत भरायचं आणि उणे वीस अंशांच्या खोलीत ठेवून द्यायचं. उद्या रान जळालं, तोडलं गेलं, तरी त्याचं बी इथे जिवंत राहणार. ते खरंच जिवंत आहे ना, हे बघायला मधूनमधून थोडं बी बाहेर काढायचं, बशीत ओल्या टिपकागदावर रुजत घालायचं आणि रोज मोड मोजायचे. गेल्या तीन सुट्ट्यांत हे मोड मोजायचं काम टिकलीचं होतं. भिंग तिचं, चिमटा तिचा, खिडकीजवळचं उंच स्टूलही तिचंच.

यंदा मात्र मामाची मुलगी आली. ती सगळंच सावकाश करायची. जेवायची सावकाश, बोलायची सावकाश, चपला घालायलासुद्धा तिला पाच मिनिटं लागायची. टिकलीने पहिल्याच दिवशी तिचं नाव गोगलगाय ठेवलं. टिकलीचा आठ वर्षांचा भाऊ, जो सदैव तिच्या मागे मागे असल्यामुळे घरात शेपूट म्हणूनच ओळखला जायचा, त्याने त्या नावाचं ‘गोगल’ केलं. चिडवायला ठेवलेलं नाव त्या मुलीला चक्क आवडलं. तेही टिकलीला आवडलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली होती, “बशा भरायला असाच शांत हात लागतो. टिकली, तू चटपटीत आहेस. यंदा तू लेबलं लाव.”

लेबलं! ती काय, शेपूटही लावू शकला असता.

मावशी आत आली. बशांकडे नजर जाताच तिचा चेहरा उतरला. “घंटीचं बी ना हे? बरणीत भरायच्या आधी तर पंचवीसपैकी एकवीस रुजलं होतं. आणि थंडीत ठेवून अवघा महिना झालाय.”

घंटीची झाडं आता रानात सातच उरली होती. त्यांना सहा-सात वर्षांतून एकदा फळं येत. ती यंदा आली होती. पहिली खेप बरण्यांत बंद झाली होती, दुसरी आणि शेवटची वाळवणखोलीत होती. परवा, शुक्रवारी तीही भरायची होती.

“पाणी कुठलं घेतलंस ग?” मावशीने विचारलं. “गरम नव्हतं ना? चिमटा पुसून घेतला होतास?”

“हो, आत्या. म्हणजे, मला वाटतं, घेतला होता.” गोगलचा आवाज बारीक झाला. “प्रत्येक वेळी घेतला होता का, ते आता नक्की आठवत नाही.”

मावशी रागावली नाही. नुसतं “असू दे” म्हणाली. पण ते असं म्हणाली, की गोगलचे डोळे भरून आले.

टिकलीला त्या क्षणी एक गोष्ट सांगता आली असती. प्रत्येक बरणीत पातळ पिशवीत थोडे निळे मणी घातलेले असत. आत सगळं कोरडं असेल तर ते निळेच राहत. ओल लागली की गुलाबी होत. काल घंटीच्या बरणीवरचं लेबल बदलताना तिने ते पाहिले होते. आत गुलाबी मणी होते.

ती काही बोलली नाही. गोगलच्या हातून काहीतरी बिघडलं, हे ऐकायला फार गोड वाटत होतं. आणखी थोडा वेळ ऐकू दे की, असं तिच्या मनात आलं.

संध्याकाळी ती खोलीत गेली तेव्हा गोगल पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. बॅग उघडी होती.

“बाबांना फोन केला,” ती म्हणाली. “परवा न्यायला येतील.”

“का?”

“माझ्यामुळे आत्याचं बी मेलं.”

आता खोली पुन्हा आपली एकटीची, टिकलीच्या मनात आलं. भिंग आपलं, मावशीही आपली. तेवढ्यात गोगल पुढे म्हणाली, “आत्या म्हणाली, वाळवणात काही चूक नाही, रुजवतानाच काहीतरी झालं असणार. त्यामुळे दुसरी खेप ठरल्याप्रमाणे शुक्रवारी भरणार. एवढं तरी बरं.”

टिकली दारातच थांबली. मणी गुलाबी होते म्हणजे बी मुळात ओलं होतं. दुसरी खेपही त्याच खोलीत वाळत होती. तीही तशीच बरणीत जाणार, तशीच थंडीत मरणार. आणि मग सहा-सात वर्षं फळ नाही. कदाचित तोवर ती सात झाडंही नाहीत.

“बरणीतले मणी गुलाबी आहेत,” ती एका दमात म्हणाली.

गोगलने घडी अर्धवट ठेवली. “तू कधी पाहिलंस?”

“काल.”

“मग सकाळी का बोलली नाहीस?”

विसरले, नीट दिसलं नव्हतं, मला काय माहीत. तीन उत्तरं टिकलीच्या जिभेवर तयार होती. पण गोगल आपल्या नेहमीच्या सावकाशपणाने वाट बघत होती, आणि तिच्यासमोर घाईने थाप मारणं जमेना.

“तू आलीस म्हणून,” टिकली म्हणाली. “माझं काम तुला दिलं म्हणून.”

 गोगलने बॅगेची चेन लावली आणि बॅग पलंगाखाली सारली. “ते मणी मला दाखव,” ती म्हणाली.

पण मावशीला सांगायचं कसं? ती संध्याकाळीच मोठ्या बाईंना घेऊन रानात मुक्कामाला गेली होती. मोठ्या बाई म्हणजे बीजघराच्या संचालक. दोघी गुरुवारी दुपारी तीनला परतणार होत्या आणि रानात फोन लागत नव्हता. राहता राहिले भांडारकाका. वाळवणखोली आणि बरण्या दोन्ही त्यांच्याकडे असत.

गुरुवारी सकाळी आठ वाजता तिघं त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली.

“मणी ना? जुने झाले की रंग उडतो त्यांचा,” भांडारकाका चहा ढवळत म्हणाले. “आणि ओल म्हणाल तर ही नोंदवही बघा. दिवसातून तीनदा हवेतल्या ओलीचा काटा बघतो मी. रोज पंधरा टक्के. ना चौदा, ना सोळा.”

शेपूट टाचा उंचावून वहीत डोकावला. बाहेर आल्यावर त्याने टिकलीची बाही ओढली.

“ताई, आज गुरुवार ना?”

“मग काय?”

“काकांनी शुक्रवारचे आकडेपण लिहून ठेवलेत. तिन्ही वेळचे. पंधरा, पंधरा, पंधरा.”

टिकली जागीच थबकली. “चल, आत्ताच्या आत्ता जाऊन विचारते त्यांना.”

“विचारलंस की ते खोडतील,” गोगल म्हणाली. “आपण आधी खोलीलाच विचारू या.”

“खोली काय बोलणार आहे?”

“मणी बोलतील.”

प्रयोगशाळेच्या कपाटात कोरड्या निळ्या मण्यांचा डबा होता. गोगलने चार छोट्या बशा घेतल्या आणि प्रत्येकीत मण्यांचा एकेक थर पसरला. वाळवणखोलीला सकाळी कुलूप नसे. टिकली चटकन आत गेली आणि एक बशी सगळ्यात खालच्या फळीवर ठेवून बाहेर आली. दोन तासांनी ती उचलून दुसरी ठेवली. पहिली बशी दहा वाजता बाहेर आली तेव्हा निळी होती. दुसरी बारा वाजता, तीही निळी.

“काका खरं बोलतायत की काय?” टिकलीचा धीर सुटत चालला.

“अजून दोन बशा आहेत,” गोगल म्हणाली. गेले दोन आठवडे याच सावकाशपणाचा टिकलीला संताप यायचा. आज तो आपल्या बाजूला आहे याचं तिला बरं वाटलं.

तिसरी बशी ठेवून ती बाहेर पडली आणि तिघं समोरच्या झाडूच्या खोलीत दार किलकिलं करून बसली. बारा वाजून दहा मिनिटांनी भांडारकाका आले. त्यांच्या एका हातात बादली होती, दुसऱ्या हातात आणखी एक बादली. ते आत गेले आणि दार लागलं. दाराला गोल काच होती. टिकलीने चवड्यांवर उभं राहून त्यातून पाहिलं आणि हाताने तोंड दाबून धरलं.

“काय आहे?” शेपूट कुजबुजला. “सांग ना.”

“धुणं,” टिकली म्हणाली. “काका धुणं वाळत घालतायत.”

काकांचं राहतं घर बीजघराच्या मागच्या भिंतीला लागून होतं. तिथे बारा महिने ऊन येत नसे. कपड्यांना कुबट वास येतो, अशी त्यांची नेहमीची तक्रार. आणि इथे हवेतली ओल शोषून घेणारं यंत्र रात्रंदिवस चालू असलेली आयती खोली! जेवणाच्या सुट्टीत चादरी, पडदे, कपडे टांगायचे, दुपारी काढायचे. मग सकाळपर्यंत यंत्र बिचारं धापा टाकत हवा पुन्हा कोरडी करणार. चादरीतलं सगळं पाणी मधल्या वेळात बियांनी पिऊन घेतलेलं असणार.

काका बाहेर आले, दाराला कुलूप लावलं आणि जेवायला गेले.

“तीनच्या आत ते सगळं काढून टाकतील,” टिकली म्हणाली. “मावशी येईल तेव्हा खोली स्वच्छ. आपलं कोण ऐकणार?”

“रानातून येणारी गाडी टेकडीखालच्या नाक्यावर थांबते,” गोगलने हळूहळू विचार करत म्हटलं. “चालक तिथे जेवतो. मागच्या वेळी आत्या तिथे पाऊण तास कंटाळली होती.”

तिचं बोलणं संपायच्या आत शेपूट सुटला. आयुष्यात पहिल्यांदा तो टिकलीच्या पुढे पळत होता.

पावणेदोनला फाटकात गाडी वाजली. पुढच्या आसनावर मावशीच्या मांडीवर शेपूट, घामाने निथळलेला. मागे मोठ्या बाई, पायांत चिखलाचे बूट. त्या एक अक्षर न बोलता थेट वाळवणखोलीकडे निघाल्या. भांडारकाका तोंड पुसत धावत आले.

“बाई, आत्ता नको. दार उघडलं की बाहेरची ओल शिरते आत.”

“असं का? आत्ता आत किती असेल?”

“पंधरा, बाई.”

“उघडा.”

काकांचे हात किल्ली शोधता शोधता थांबले. मावशीने आपल्याजवळची किल्ली लावली.

आधी साबणाचा वास आला. मग फुलाफुलांची चादर दिसली, दोन पडदे दिसले आणि घंटीच्या बियांच्या चाळणीवर ऐसपैस पसरलेली काकांची खाकी पॅंट. भिंतीवरचा काटा साठाच्या जवळ होता. गोगलने खाली वाकून फळीवरची बशी ओढली आणि मोठ्या बाईंसमोर धरली. मणी गुलाबी झाले होते.

“दोन तासच तर असतात,” भांडारकाका पुटपुटले. “बी दिसायला कोरडंच दिसत होतं.”

“दिसायला,” मावशी म्हणाली.  “आत ओल राहिली की थंडीत तिच्या बर्फाच्या सुया होतात. बी वरून जसंच्या तसं आणि आतून मेलेलं. भरण्याआधी ओल मोजायची होती. मोजलीत?”

काकांनी चाळणीवरची पॅंट घाईघाईने उचलली.

मोठ्या बाईंनी नोंदवही मागवली, शुक्रवारचे आकडे पाहिले आणि वही आपल्याच काखेत धरली. वाळवणखोलीच्या दोन्ही किल्ल्या त्यांनी मावशीच्या हातावर ठेवल्या. काकांना ऑफिसात येऊन बसायला सांगितलं. मग त्या मुलांकडे वळल्या.

“ही खेप अजून बरणीत गेली नाही. नीट वाळवली तर वाचेल. तुम्ही नसतात तर उद्या संपली असती. आधी कोणाच्या लक्षात आलं?”

“हिच्या,” गोगलने टिकलीकडे बोट दाखवलं. “बरणीतले मणी हिनेच पाहिले.” पुढचं ती काही बोलली नाही.

मावशी टिकलीकडे बघत होती, अगदी गेल्या तीन सुट्ट्यांत बघायची तशी. या नजरेसाठी टिकली दोन आठवडे झुरली होती. गप्प राहिलं की झालं.

“पाहिले, पण मी सांगितलं नाही,” ती म्हणाली. “काल सगळा दिवस गप्प बसले. दोष हिच्यावर येत होता आणि मला ते आवडत होतं.”

गोगलने गुलाबी मण्यांची बशी खाली ठेवली. 

“मी तीस वर्षं या कामात आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “चूक उशिरा सांगणारे खूप पाहिले. कारणासकट सांगणारी तू पहिली. शाबास. तुम्हा तिघांनाही शाबास. या धाकट्याला कोणीतरी पाणी द्या आधी.”

धुणं निघाल्यावर मावशी टिकलीशेजारी पायरीवर येऊन बसली.

“तू रागावलीस ना?” टिकलीने विचारलं.

“रागावले तर आहेच. काल तिचे डोळे भरलेले पाहिलेस, तरी गप्प बसलीस.” मावशीने हातातल्या किल्ल्या मांडीवर ठेवल्या. “आणि माझंही चुकलं. ती नवखी, तिला इथे बरं वाटावं म्हणून भिंग तिला दिलं. तुला विचारलंसुद्धा नाही. तू तर माझीच, असं धरून चालले.”

टिकलीला एकदम रडू आलं.

गोगल परत गेली नाही. उरलेली सुट्टी दोघींनी एकच काम केलं. रोज सकाळी चाळण्यांतलं बी हलक्या हाताने परतायचं, काटा बघायचा आणि जो दिसेल तोच आकडा लिहायचा. सगळं अगदी गोडीगुलाबीने झालं असं नाही. मावशीने गोगलची पाठ थोपटली की टिकलीला अजूनही आत कुठेतरी टोचायचं. फक्त आता ती ते सांगून टाकायची, आणि गोगल म्हणायची, “बरं.”

शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. एका संध्याकाळी मावशीचा फोन आला. दुसऱ्या खेपेतलं थोडं बी थंडीतून काढून रुजत घातलं होतं. शंभरातल्या एक्याण्णव बियांना मोड आले होते.

टिकलीने घरभर उड्या मारल्या, शेपटाला उचलून गरकन फिरवलं आणि लगेच मामाच्या घरी फोन लावला. गोगलने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. 

“आत्याने आधी तुला सांगितलं?” तिने विचारलं.

तो बारीक झालेला आवाज टिकलीने बरोबर ओळखला. त्या आवाजाची तिच्याइतकी ओळख दुसऱ्या कोणाला असणार!

“आत्ता, दोन मिनिटांपूर्वी,” ती म्हणाली. “आता फोन ठेव. ती तुला लावत असेल आणि तुझा नंबर लागत नसेल.”