लताबाईंचं विरजण

एकोणऐंशी सालची गोष्ट. नाशकातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत लताबाई आणि सिंधुबाई शेजारी-शेजारी बसायच्या. हुद्दा एक, पगार एक. पण रामकुंडाच्या पाण्यातून सिंधुबाईंनी फाज काढला आणि लताबाईंचा जळफळाट सुरू झाला.

फाज म्हणजे जंतूंना गिळणारा जंतू. इतका बारीक, की साध्या मायक्रोस्कोपमधून तो दिसत नाही, दिसतं ते त्याचं काम. कुठल्याच औषधाला न जुमानणारे टायफॉइडचे जंतू वळवळता वळवळता थबकायचे, फुटायचे, नाहीसे व्हायचे. मुंबईचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी ते बघायला येणार होते. काम पसंत पडलं, तर ते करणाऱ्या बाईला मुंबईला घेऊन जाणार होते.

"हिलाच बरं सगळं मिळतं!" लताबाई मनात चरफडल्या. मुंबई त्यांना हवी होती हो, अगदी जिवापाड.

दुपारी सिंधुबाई डबा खायला बाहेर बसल्या. लताबाईंनी त्यांची फाजची नळी उचलली, काचेची पिपेट तोंडात धरली आणि आतलं पाणी ओढून मोरीत सोडलं. नळीत मिठाचं पाणी भरलं. पण घाईत पिपेटला कापसाचा बोळा लावायचा राहिला आणि एक थेंब जिभेवर आला. कोमट, बेचव. लताबाईंनी दहादा चूळ भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरचं दही लागलं नव्हतं.

"हाताला काय झालंय गं तुझ्या?" सासूबाई म्हणाल्या. लताबाईंनी लक्ष दिलं नाही.

डॉक्टर आले. खिडकीतलं ऊन आरशावर घेऊन सिंधुबाईंनी मायक्रोस्कोप लावला. जंतू मजेत वळवळत होते. एक मरेना. सिंधुबाईंचा चेहरा उतरला आणि लताबाईंना, देवाशप्पथ, गारगार वाटलं.

"मी नीट लावून देते, सर," म्हणत त्या काचपट्टीवर वाकल्या. त्यांचा श्वास त्या थेंबावर पडला.

डॉक्टरांनी डोळा लावला. "अरे वा! फुटतायत की भराभर! हे तुमचं काम?"

लताबाईंनी मान डोलावली. सिंधुबाई नुसत्या बघत राहिल्या. लताबाईंची मुंबई ठरली.

मग मात्र लताबाईंच्या टेबलावर काही वाढेना. जंतू वाढवायच्या काचेच्या बश्या कोऱ्याच्या कोऱ्या. घरी इडलीचं पीठ फुगेना. फडताळामागे मेलेला उंदीर सापडला, कधीचा कोण जाणे, पण त्याला वासच नव्हता. घाबरून त्यांनी स्वतःची थुंकी काचपट्टीवर घेतली. माणसाच्या तोंडात जंतूंची जत्रा असते. तिथे काहीच नव्हतं... नुसता उजेड.

जायच्या आदल्या दिवशी सिंधुबाई टेबलाशी आल्या. स्टीलचा डबा पुढे ठेवला.

"दही आहे. तुमच्याकडे लागत नाही ना हल्ली..."

लताबाईंनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. "तुम्हाला... कुणी सांगितलं?"

सिंधुबाई हसल्या आणि आपल्या जागी जाऊन बसल्या.

लताबाईंनी झाकण काढलं. घट्ट, कवडीसारखं दही. त्या वाकल्या मात्र, मधोमध एक गोल, स्वच्छ भोक पडलं. मग दुसरं. मग दोन्ही मिळून एक झाली. लताबाईंनी डबा उजेडाकडे वळवला, आत निरखून पाहिलं. डबा चांगला स्टीलचा होता, पण त्या भोकातून तळ दिसेना, दिसला तो नुसता उजेड.