साळूमावशींचा पहिला शब्द

केडगाव चौफुल्यावर वडापमधून उतरले, पैसे दिले, जीप धुरळा उडवत दौंडकडे गेली… आणि मग लक्षात आलं, टोपीची पिशवी आतच राहिली. माझा तीन वर्षांचा अभ्यास त्या टोपीत होता. रडू फुटायच्या बेतात होते, तेवढ्यात त्याच जीपमधला एकजण पुढच्या थांब्यावरून पळत येताना दिसला. हातात माझी पिशवी.

"आत डोकावलो, माफ करा," तो धापा टाकत म्हणाला. "मासं धरायचं जाळं हाय का?"

"डोक्यातले विचार धरायचं."

"मग माझ्या डोक्यात आत्ता काय हाय, सांगंल का ते?"

इतकं पळून आल्यावरही माणसाला चावटपणा सुचतो, हे मला तेव्हा कळलं. चार दिवसांची दाढी होती, आणि त्या दाढीत कुठेतरी एक खळी हरवली होती. मी मांडवगण फराट्याला साळूबाईंकडे निघालेय म्हटल्यावर त्याचं हसू थांबलं.

"ती माझी आय. मी रविराज," तो म्हणाला. "चला, मीच नेतो. दौंडचं काम उद्या."

साळूमावशींना दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता. वाचा गेली, हातपाय गेले, उरले फक्त डोळे. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. माझी टोपी डोक्यावर चढवली की पुढच्या पडद्यावर अक्षरं एकेक करून चमकतात. हवं ते अक्षर चमकलं की मेंदूत बारीकसा ठोका उठतो. टोपी तो टिपते आणि अक्षर लिहिलं जातं. आधी दिलेल्या शब्दावर सराव, मग मनातलं लिहायचं. पुण्यातले माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते, सरावाला जवळच्या माणसाचं नाव दे, लक्ष लागतं. मी मावशींच्या नवऱ्याचं, आबांचं दिलं… जयसिंग.

पहिल्या रविवारी तीस टक्के अक्षरं बरोबर. दुसऱ्या रविवारी अठ्ठावीस.

"मावशी, पडदा दिसतो ना?" पापणी एकदा मिटली. "दमलात का?" दोनदा.

तिसऱ्या रविवारी सकाळीच सरांचा फोन. "सुलक्षणा, आज सत्तरच्या खाली आलं तर त्यांना अभ्यासात ठेवता येणार नाही." म्हणजे टोपी दुसऱ्या घरी जाणार, आणि मावशींचं बोलणं आत ते आतच.

त्या दिवशी एकतीस आले.

रविराज कोमट फडक्यानं आईच्या केसांतली, टोपीखाली लावलेली जेल पुसत होता. मीही पुसायला लागले. फडक्याखाली बोटं बोटांना लागली, आणि दोघांपैकी कुणीच हात घाईनं काढून घेतला नाही.

"डोळं पुसा आधी," तो हळूच म्हणाला. मग मला हसवायला बोलत राहिला. "आय आधीपास्नं अशीच हो. रेशनच्या दुकानात मालकाचं नाव इचारलं, की मला पुढं ढकलायची. शाळेत जायच्या आधी मला आबांचं नाव पाठ व्हतं."

माझा हात थांबला. "का ढकलायच्या?"

"का म्हंजी? नवऱ्याचं नाव घेतीय व्हय ती? जन्मात घेतलं न्हाई."

मी जवळच्याच राहू गावात वाढलेली पोर, आणि हे मला पुण्याहून टोपी घेऊन येऊनही सुचू नये? मावशी तीन रविवार माझं यंत्र नापास करत नव्हत्या, रीत पाळत होत्या. मी घाईनं शब्द बदलला. 'रवी' घातला, टोपी पुन्हा चढवली.

अठ्ठ्याऐंशी टक्के.

"आता तुमच्या मनातलं लिहा, मावशी," मी म्हटलं. आबा खाटेवरून उठून पडद्याजवळ आले. अक्षरं चमकू लागली. दा… ढी… क… र.

मी आबांकडे पाहिलं. त्यांची हनुवटी गुळगुळीत. मग आम्ही तिघांनीही रविराजकडे पाहिलं.

"आय," तो म्हणाला, "दोन वर्सांनी बोललीस, आन् हे?" हसत होता आणि डोळे वाहत होते. माझेही.

दाढी त्यानं तिथंच केली, दारातल्या आरशात बघून. घाईत एकदा कापलं. खळी उजव्या गालावर होती, आणि मी समजले होते त्याहून खोल होती.

तेवढ्यात सरांचा फोन. मी भडाभडा सगळं सांगितलं. "नावाची ही रीत तुला कुणी सांगितली?" सर खूश होते. "त्याचं नाव अहवालात घालू. सांग."

तीन रविवार मी 'रविराज, ही वायर धरा, रविराज, तो दिवा बंद करा' करत घर डोक्यावर घेतलं होतं. आता तो समोर उभा, गालावर रक्ताचा ठिपका… आणि नाव काही ओठांवर येईना.

"ते… इथले… मावशींचे…" मी फोन त्याच्यापुढे धरला. "तुम्हीच सांगा."

"रविराज," त्यानं सावकाश सांगितलं. फोनमध्ये बोलत होता, बघत होता माझ्याकडे. फोन ठेवून म्हणाला, "मॅडम, आय रेशनच्या दुकानात अशीच करायची."

मी काही बोलणार, तर पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. टोपी मावशींच्या डोक्यावरच होती. क… वा.

"काय कवा?" आबा बुचकळ्यात पडले.

मावशी माझ्याकडेच बघत होत्या. लाजून चालणार नव्हतं.

"मावशी, त्यांनी अजून विचारलंय कुठं?"

"इचारतोय की," तो म्हणाला. पहिल्यांदाच मॅडम गळलं होतं. "सुलक्षणा?"

जीभ होती, पण उपयोगी पडेना. मग मी मावशींसारखी पापणी मिटली. एकदाच.