दोर घेऊन जाणारा

एमरिसला मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याची कॉलर धरून पाण्यातून वर ओढताना.

१९४४चा एप्रिल होता, महायुद्ध चालू होतं. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, आमच्या फाल नदीत सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटी दाटीवाटीनं उभ्या होत्या... सपाट तळाच्या, राखाडी, नाव नाही, नुसता नंबर. पुढच्या बाजूला दोन उतरत्या फळ्या. सैनिक त्यांवरून उतरायच्या आधी एक खलाशी दोर घेऊन पाण्यात उडी मारायचा आणि तो किनाऱ्यावर पक्का करायचा. मग पाठीवर ओझं घेतलेले सैनिक त्या दोराला धरून लाटांतून जायचे. त्याचाच सराव चालला होता. मी बाबांची, माणसांना नदीपार नेणारी तरीची होडी वल्हवत होते, आणि तो दोरवाला खलाशी माझ्या डोळ्यांदेखत दगडासारखा बुडाला.

“पोहता येत नाही?” त्याला होडीत घेत मी विचारलं.

“येतं की,” तो खोकत म्हणाला, “फक्त खालच्या दिशेनं.”

“आणि नौदलात आलात?”

“वेल्सच्या डोंगरात मेंढ्या राखायचो मी. भरतीवाल्यानं विचारलं, समुद्र आवडतो का? मी पाहिलाच नव्हता... म्हटलं, आवडेल.”

मला हसू आवरेना. त्याच्या भुवयांवरून पाणी ठिबकत होतं, आणि तोही हसत होता.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या धक्क्यावर हजर. “मला पोहायला शिकवाल? नाही आलं तर कप्तान मला किनाऱ्यावर बटाटे सोलायला बसवणार.”

“मग सोला. बटाटे कुणाला बुडवत नाहीत.”

“माझ्या जागी बोटीवरचा विल्फ जाईल. त्याची मुलगी अजून रांगतेय.” आता तो हसत नव्हता.

शिकवलं मी. ओकच्या झाडांखालच्या खाडीत, हाडं गोठवणाऱ्या पाण्यात. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, कळलंच नाही.

“हात सोडू का?”

“नको.”

“अरे, तरंगतोयस की तू!”

“म्हणूनच म्हणतोय... सोडू नकोस.”

मे महिन्यात एके दुपारी तो एकटा खाडी पार करून गेला. पलीकडच्या काठावरून त्यानं दोन्ही हात हलवले. मी टाळ्या वाजवल्या — आणि मध्येच थांबले. तो परत आला तेव्हा मी म्हणाले, “अजून जमत नाही तुला. दम पुरत नाही. तसं सांग कप्तानांना.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “खरं सांगतेस, मोर्वेना?”

ते डोळे समोर असताना खोटं कसं बोलणार?

“नाही,” मी म्हटलं. “छान पोहतोस.”

त्यानं माझे ओले केस कानामागे सारले. “परत आलो की तुला एक विचारायचंय.”

“आत्ताच विचार ना.”

“आत्ता तू घाबरून हो म्हणशील.”

“मग परत ये. तेव्हा न घाबरता म्हणेन.”

जूनमध्ये एका सकाळी बघते तर नदी रिकामी. पाणी एवढं रुंद आहे, हे मी विसरूनच गेले होते.

काही दिवसांनी त्याची बोट फ्रान्सच्या किनाऱ्यावरून परतली. एक फळी उखडलेली, अंगावर भोकंच भोकं. धक्क्यावर विल्फ उतरला. त्यानं टोपी काढली.

“दोर नेला त्यानं,” तो म्हणाला. “पोरं धरून उतरली. पण काहीजण ओझ्यानं बुडायला लागले. कप्तान ओरडले, वर ये! तो ऐकेना. एकाला आणलं, दुसऱ्याला आणलं... मग पुन्हा गेला.”

“दमला होता?”

“कळलं नाही गं. पोहत होता... आणि मग दिसेना.”

बोटीला नवी फळी बसवली. ती पुन्हा गेली, पुन्हा आली. जाताना सैनिक, येताना जखमी. धक्क्यावर उभं राहून बघायचं मी सोडून दिलं.

सप्टेंबरात एक बुटकी बाई तरीवर आली. काळी टोपी, जाड लोकरी कोट. मी हात दिला तरी बसताना होडीची कड घट्ट धरून होती.

“विल्फनं सांगितलं... एमरिसला पोहायला शिकवणारी तूच ना? मी त्याची आई.”

माझ्या हातातली वल्ही थांबली. या प्रश्नाला मी उन्हाळाभर भीत होते. “हो,” मी म्हटलं, आणि पुढचं ऐकायला मान खाली घातली.

तिनं पाण्याकडे पाहिलं.

“पाण्यात कसा दिसायचा गं तो?” तिनं हळूच विचारलं. “मी आपलं डोंगरातच पाहिलंय त्याला.”

मी होडी खाडीकडे वळवली. ओकखाली नेऊन जागा दाखवली. सांगितलं, हनुवटी वर काढून पोहायचा, डोळे गच्च मिटून. आणि सारखं काहीतरी पुटपुटायचा, वेल्श भाषेत.

“काय म्हणायचा?”

अर्थ ठाऊक नव्हता. कानात राहिले होते तसे शब्द म्हणून दाखवले. तिनं तोंडावर हात ठेवला.

“अगं बाई! मेंढरं ओढ्यात उतरत नाहीत ना, तेव्हा आम्ही त्यांना असं म्हणतो... घाबरू नको, चल, पलीकडे गवत आहे.”

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. मी तिच्याजवळ सरकले. होडी आपोआप वाहत होती. दोघींपैकी कुणीच ती अडवली नाही.

“आणखी सांग,” माझा हात धरून ती म्हणाली.